सीनाय आणि कालवरी: देव एकच

प्रति,
मराठी मंडळ्यांचे पाळक, धर्मगुरू, प्रचारक बंधुभगिनी आणि संडे स्कूलचे शिक्षक-शिक्षिका यांस,



हे पत्र एका विधानाविषयी आहे. आपल्या व्यासपीठांवरून ते वारंवार ऐकू येतं, कधी सरळ, कधी आडवळणानं: जुन्या करारातला देव कोपिष्ट, नव्या करारातला देव प्रेमळ. असं म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ख्रिस्ताची कृपा उठून दिसावी म्हणून तो मोशेचा देव गडद रंगवतो. पण मंडळीत बसलेला माणूस घरी जे घेऊन जातो ते भलतंच असतं. त्याच्या मनात दोन देव तयार होतात. एकाच्या पायाशी बसायचं आणि दुसऱ्यापासून लपायचं. सगळं सुरळीत असतं तेव्हा तो प्रेमळ देवाची गाणी गातो. पीक बुडालं, घरात मोठं आजारपण आलं, लेकरू गेलं की त्याला तो दुसरा आठवतो, आणि आपण कुठल्या पापाची शिक्षा भोगतोय हे शोधत तो रात्र काढतो. असा दुभंगलेला विश्वास संकटात टिकत नाही. म्हणून हे पत्र खुलं लिहितो आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत देवाचा स्वभाव एकच आहे. त्याची दया पहिल्या पानापासून आहे आणि त्याचा न्याय शेवटच्या पानापर्यंत आहे. त्या दोन गोष्टी एकाच मनातून निघतात. हे शास्त्रातूनच दाखवण्याचा प्रयत्न करतो.

दोन देवांची कल्पना नवी नाही. दुसऱ्या शतकात काळ्या समुद्राकाठच्या सिनोप गावचा मार्सियन नावाचा श्रीमंत जहाजमालक रोमच्या मंडळीत आला आणि त्याने मंडळीला दोन लाख सेस्टर्सची देणगी दिली. जग निर्माण करणारा, नियमशास्त्र देणारा यहुद्यांचा देव वेगळा, आणि येशूने दाखवलेला पिता त्याहून अगदी वेगळा, तोवर कुणालाच ठाऊक नसलेला, अशी त्याची शिकवण होती. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि त्याची देणगीही परत केली. मग मार्सियनने आपलं वेगळं शास्त्र बनवलं. जुना करार त्याने संपूर्ण टाकला. शुभवर्तमानांतलं फक्त लूकचं ठेवलं, तेही कापून. पौलाची दहा पत्रं ठेवली, तीही छाटून. इथे थांबून विचार करावा. जुना करार टाकल्यावर त्याचं काम व्हायला हवं होतं; पण नव्या करारालाही त्याला कात्री लावावी लागली, कारण जुन्याचे धागे नव्याच्या प्रत्येक पानात विणलेले होते. ते उपसायचे तर कापडच फाटतं. पुढे कार्थेजच्या तर्तुल्यनाने त्याच्या खंडनासाठी पाच ग्रंथ लिहिले. देव दोन नाहीत, हा निर्णय मंडळीने पहिल्या दोनशे वर्षांतच पक्का केला.

तरीही ती कल्पना पुन्हा डोकं वर काढते, आणि काढते तेव्हा ती निरुपद्रवी राहत नाही. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट सभागृहात हिटलरला मानणाऱ्या ‘जर्मन ख्रिस्ती’ चळवळीची प्रचंड सभा भरली. तिथे राइनहोल्ड क्राउझ या पुढाऱ्याने चर्चने जुना करार टाकून द्यावा अशी मागणी केली. त्याला पौलाची शिकवणही नको होती. १९३९ साली आयझेनाख इथे जर्मन चर्चमधला यहुदी प्रभाव पुसून टाकण्यासाठी संस्थाच उघडली गेली आणि पुढच्याच वर्षी तिने यहुदी खुणा काढलेला नवा करार छापला. मार्सियनची कात्री पुन्हा चालली. या वेळी तिच्या पाठीशी राज्यसत्ता होती आणि समोर लाखो यहुदी माणसं होती. त्याच १९४० साली दीत्रिख बोनहोफर या तरुण पाळकाने स्तोत्रसंहितेवर एक छोटं पुस्तक काढलं आणि ती येशूची स्वतःची प्रार्थनापोथी आहे असं त्यात मांडलं. पुढे तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत आपण जुना करार किती वाचतो आहोत हे तो सांगतो. ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी दिली गेली. दोन देवांची शिकवण कुठवर जाऊ शकते आणि एका देवाला धरून राहणारा माणूस कुठवर जाऊ शकतो, हे दोन्ही त्या बारा वर्षांत दिसलं.

आता शास्त्राकडे वळू या. देवाचा स्वभाव कसा आहे हे बायबलमध्ये पुष्कळांनी सांगितलं आहे, पण देवाने स्वतः आपली ओळख करून दिली ती निर्गमच्या ३४व्या अध्यायात. ती ओळख केव्हा झाली, याकडे आपण फार कमी लक्ष देतो. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस होता. तेवढ्यात खाली लोकांनी अहरोनाकडून सोन्याचं वासरू करून घेतलं. मिसराच्या गुलामीतून सुटून फार दिवस झाले नव्हते. कराराची शाई वाळायच्या आत तो मोडला गेला. मोशेने पाट्या फोडल्या, छावणीत रक्त सांडलं, सगळं संपल्यासारखं झालं. त्यानंतर मोशे देवाजवळ त्याचं तेज पाहायला मागतो, आणि देव त्याच्यासमोरून जाताना आपला स्वभाव स्वतःच्या तोंडाने सांगतो: कनवाळू, कृपाळू, मंदक्रोध, प्रीतीने आणि सत्याने ओतप्रोत, अन्याय आणि पाप यांची क्षमा करणारा, तरीही अपराधाकडे डोळेझाक न करणारा. शिक्षेची पोच तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत आणि प्रीतीची पोच हजारांपर्यंत, असं मापही तिथे दिलं आहे. कोप आहे, पण तो उशिरा येतो आणि लवकर सरतो. प्रीती आधीपासून आहे आणि ती संपत नाही. ही ओळख कालवरीवरची नाही, सीनायवरची आहे. दोन नव्या पाट्यांवर करार पुन्हा लिहिला गेला तो या शब्दांनंतर.

हे शब्द पुढे बायबलभर फिरत राहतात. कनानात शिरायला लोक घाबरले आणि बंड करून उठले तेव्हा मोशे देवाला त्याच्याच शब्दांची आठवण करून देतो. टोळधाडीने देश उजाड झाला तेव्हा योएल लोकांना वस्त्रं फाडण्याऐवजी हृदयं फाडून परत या म्हणतो, आणि कारण म्हणून हेच शब्द पुढे करतो. बाबेलहून परतलेली पिढी मोडक्या यरुशलेमेत उभी राहून पूर्वजांच्या पापांची कबुली देते, तेव्हा नहेम्याच्या पुस्तकात तेच शब्द येतात. स्तोत्र ८६, १०३ आणि १४५ यांत ते गायले जातात. वाळवंटात आणि राजवाड्यात, दुष्काळात आणि बंदिवासात, इतक्या शतकांत इतक्या वेगवेगळ्या माणसांनी देवाचं एकच वर्णन जपलं. देवाला ओळखणाऱ्यांची ही साक्ष आहे, आणि त्या साक्षीत फट नाही.

या साक्षीतला सगळ्यांत बोलका भाग निनवेविषयीचा आहे. निनवे ही अश्शूरी साम्राज्याची राजधानी. तिचे अवशेष आजच्या इराकमध्ये मोसुल शहरालगत आहेत. याच अश्शूरने इ.स.पूर्व ७२२ मध्ये शोमरोन जिंकून उत्तरेचं इस्राएल राज्य पुसून टाकलं. राजा सन्हेरीबाच्या निनवेतल्या राजवाड्याच्या भिंतींवरची लाखीश नगराच्या वेढ्याची शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. जिवंत माणसांची कातडी सोलतानाची दृश्यं त्या राजाने अभिमानाने कोरून घेतली होती. अशा शहराकडे देव योनाला पाठवतो. योना उलट दिशेला पळतो. संडे स्कूलमध्ये आपण मासा शिकवतो आणि तिथेच थांबतो. पण योना का पळाला हे, निनवे पश्चात्ताप करून वाचल्यावर, चौथ्या अध्यायात तो स्वतः सांगतो: तू कृपाळू आहेस, मंदक्रोध आहेस, हे मला आधीच माहीत होतं. म्हणजे योनाला देवाच्या कोपाची भीती नव्हती, त्याच्या दयेची चीड होती. सीनायवरचे शब्द शत्रूलाही लागू होतील हे त्याला सोसत नव्हतं. आणि ते पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नाने: ज्यांना डावं-उजवं कळत नाही अशा एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची आणि तिथल्या गुराढोरांची मला कणव येऊ नये का? ज्याला आपण जुन्या कराराचा कोपिष्ट देव म्हणतो तो शत्रूच्या गुरांचाही जीव मोजतो.

त्याच निनवेविषयी पुढे नहूम बोलतो. निनवे पुन्हा रक्ताची नगरी झाली होती. नहूम आपल्या पहिल्याच अध्यायात सीनायची ओळख उच्चारतो: परमेश्वर मंदक्रोध आहे, पण दोषीला सोडणारा नाही. इ.स.पूर्व ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी सैन्यांनी निनवे जमीनदोस्त केली. एकच देव, एकच शहर, एकच वचन. पश्चात्ताप केला तेव्हा वचनाचा पहिला भाग त्या शहरावर आला, क्रौर्य पुन्हा सुरू झालं तेव्हा दुसरा. देव पालटला नाही, निनवे पालटली. योना आणि नहूम ही दोन पुस्तकं आपण एकामागोमाग शिकवली तर दया आणि न्याय यांचं नातं लहान मुलालाही कळेल.

देवाला अनुताप झाला, त्याने मन बदललं, असं शास्त्रात ठिकठिकाणी लिहिलेलं असतं त्याचंही उत्तर इथेच आहे. यिर्मयाच्या १८व्या अध्यायात, कुंभाराच्या घरी, देव ही रीत स्पष्ट सांगतो: ज्या राष्ट्राविरुद्ध मी बोललो ते वाईट सोडून वळलं तर मीही अरिष्ट आवरतो. पश्चात्तापाला क्षमेने उत्तर देणं हाच त्याचा कायमचा स्वभाव आहे, म्हणून माणूस वळला की त्याचं वागणं वेगळं दिसतं. स्थिर स्वभाव म्हणजे दगडासारखं निर्विकार असणं नव्हे. नोहाच्या काळात पृथ्वी हिंसेने भरली तेव्हा देवाच्या मनाला झालेलं दुःख शास्त्र आधी नोंदवतं, जलप्रलय नंतर.

नियमशास्त्राचं नाव काढलं की आपल्याला निषेधांची यादी आठवते. ते उघडून वाचा. शेत कापताना कडा सोडाव्यात, पडलेली कणसं वेचू नयेत, ती गरिबाची आणि परक्याची. गरिबाचं पांघरूण गहाण घेतलं तर सूर्य मावळण्याआधी परत करावं, नाहीतर तो रात्री काय पांघरणार? धन्यापासून पळून आलेल्या गुलामाला परत धन्याच्या हवाली करू नये. शब्बाथाची विश्रांती दासाला, परदेशीयाला आणि बैलाला सुद्धा. तुम्ही मिसरात परके होता, म्हणून परक्याचं मन जाणा. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आपण येशूची म्हणून शिकवतो. ती लेवीयच्या १९व्या अध्यायात, त्याच कणसांच्या नियमासोबत आहे. पौल रोमकरांस पत्रात भुकेल्या शत्रूला जेवू घालायला सांगतो, ते तो नीतिसूत्रांमधून घेतो. आणि हागार आठवा: मिसरी दासी, मालकिणीच्या जाचाने रानात पळालेली, पोटुशी. देवाचा दूत तिला शोधत जातो, तिचं नाव घेऊन तिच्याशी बोलतो, आणि ती त्या देवाला नाव देते: मला पाहणारा. बायबलमध्ये देवाला नाव देणारी ही बाई राणी नाही, संदेष्ट्याची बायको नाही. परदेशी दासी आहे.

आता येशूकडे पाहू. नासरेथच्या सभास्थानात त्याने यशयाचा ग्रंथ उघडून वाचला. लोक आधी खूश झाले. मग त्याने दोन गोष्टी काढल्या: दुष्काळात इस्राएलात विधवा पुष्कळ होत्या, पण एलीयाला पाठवलं गेलं सीदोनाजवळच्या सारफथच्या विधवेकडे, आणि कुष्ठरोगी पुष्कळ होते, पण अलीशाच्या काळात शुद्ध झाला तो अरामी सेनापती नामान. हे ऐकून लोकांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं. लक्षात घ्या, लोक भडकले ते जुन्या करारातल्या कृपेच्या गोष्टींनी. येशू नवा देव सांगत नव्हता. लोक विसरलेला देव तो त्यांच्याच शास्त्रातून काढून दाखवत होता. अरण्यातल्या परीक्षेत त्याने तिन्ही उत्तरं अनुवादच्या पुस्तकातून दिली. पापी आणि जकातदार यांच्या पंगतीत बसल्याबद्दल टीका झाली तेव्हा होशेयाचं वचन पुढे केलं. वधस्तंभावर त्याच्या ओठी २२वं स्तोत्र होतं. मेंढपाळाचा दाखला सांगताना त्याच्या मागे यहेज्केलाचा ३४वा अध्याय उभा होता, जिथे देव स्वार्थी मेंढपाळांना बाजूला सारून हरवलेलं मेंढरू स्वतः शोधायला निघतो.

आणि येशूला कोप येत नव्हता असं आपण कसं म्हणतो? शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करू नये म्हणून टपलेल्यांकडे त्याने रागाने पाहिलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या कठीण मनांचं त्याला दुःख झालं, असं मार्क लिहितो. राग आणि दुःख एकत्र, नोहाच्या काळात होते तसेच. निर्गमच्या २२व्या अध्यायात विधवा-अनाथांना छळाल तर माझा क्रोध भडकेल असं देव बजावतो. मार्कच्या १२व्या अध्यायात येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना अधिक कडक शिक्षा होईल असं सांगतो. तेच कारण, तोच कोप. मंदिरातला बाजार त्याने उधळला. नरकाबद्दल नव्या करारात सगळ्यांत जास्त तोच बोलतो. क्षमा मिळालेला चाकर दुसऱ्याला क्षमा करत नाही तेव्हा काय होतं, हा त्याचा दाखला सीनायच्या वचनाचे दोन्ही भाग एका गोष्टीत सांगतो. पेन्टेकॉस्टनंतरच्या मंडळीत हनन्या आणि सप्पीरा खोटं बोलून कोसळले ते नव्या करारात. कोकऱ्याच्या कोपाची गोष्ट आहे ती प्रकटीकरणात. आणि डोळ्यांतले अश्रू पुसणारा देव प्रकटीकरणाच्या २१व्या अध्यायात येण्याच्या कितीतरी आधी यशयाच्या २५व्या अध्यायात आहे.

कालवरीवर हे सगळं एका ठिकाणी येतं. पाप क्षुल्लक असतं तर वधस्तंभाची गरज नव्हती. पाप्याविषयी देवाला माया नसती तरी ती नव्हती. पौल रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात हेच सांगतो: देव स्वतः न्यायी राहून विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो. जुन्या देवाचा राग शांत करायला नवा देव मध्ये पडला, अशी मांडणी आपण करतो तेव्हा आपण पित्याला आणि पुत्राला एकमेकांसमोर उभं करतो. शास्त्र सांगतं की पित्यानेच पुत्राला दिलं. वासराच्या पापानंतर सीनायवर दिलेला शब्द देवाने स्वतःच्या अंगावर घेऊन पाळला, तो दिवस म्हणजे शुभ शुक्रवार.

कनानच्या लढायांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. यहोशवातल्या नगरांच्या संहाराचे अध्याय वाचून आपली तरुण मुलं प्रश्न विचारतात आणि आपण त्यांना गप्प करतो. त्यांना निदान एवढं तरी सांगायला हवं. अब्राहामाला दिलेल्या वचनात देव चार पिढ्या थांबतो, कारण अमोऱ्यांच्या पापाचं माप भरलेलं नव्हतं. तिथेही कोप मंद आहे. यरीहोतली राहाब ही कनानी वेश्या विश्वासाने वाचते आणि मत्तयच्या वंशावळीत येशूची पूर्वज म्हणून तिचं नाव येतं. आखान हा यहूदा वंशातला इस्राएली मात्र लुटीतला माल लपवल्यामुळे दोषी ठरतो. देवाच्या सेनेचा सरदार यहोशवाला भेटतो तेव्हा आमच्या बाजूचा की शत्रूच्या, या प्रश्नाला तो नाही म्हणतो. हीच पापं तुम्ही केलीत तर ही भूमी तुम्हालाही ओकून टाकील, असं लेवीयात इस्राएलला बजावलं होतं, आणि इ.स.पूर्व ५८६ मध्ये बाबेलने यरुशलेम आणि मंदिर जाळलं तेव्हा ते खरं झालं. देवाकडे दोन मापं नव्हती. शिवाय त्या काळाची युद्धाची भाषाही ओळखावी लागते. १८६८ साली धीबान इथे सापडलेला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला मवाबी राजा मेशाचा शिलालेख इस्राएल कायमचं नष्ट झाल्याचं जाहीर करतो. इस्राएल तर त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षं उभं होतं. यहोशवाच्या दहाव्या अध्यायात ज्या हेब्रोन आणि दबीर इथे कुणी उरलं नाही असं लिहिलं आहे, तिथे शास्त्यांच्या पहिल्याच अध्यायात पुन्हा कनानी राहताना दिसतात.

एवढं सांगूनही त्या अध्यायांचं दुःख उरतं. ते उरू द्यावं. अब्राहामाने सदोमसाठी देवाशी वाद घातला. पन्नास नीतिमानांपासून सुरू करून तो दहांवर आला, आणि देव प्रत्येक वेळी ऐकून घेत राहिला. साऱ्या पृथ्वीचा न्यायाधीश न्यायच करील या भरवशावर तो बोलत होता. आपल्या मुलांनाही त्याच भरवशावर देवाला प्रश्न विचारू द्या. प्रश्नांना भिऊन आपण जुना करार बंद केला तर ती उत्तरं दुसरीकडे शोधतील.

मराठी ख्रिस्ती समाजाला तर हा ग्रंथ अर्धा वाचण्याची सवयच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्सने गोव्यात मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापून निघालं. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात सृष्टीच्या निर्मितीपासून जुन्या कराराची कथा आहे, आणि तारणाऱ्याचा जन्म दुसऱ्या भागात. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना देव समजावताना तो उत्पत्तीपासून निघाला. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी बायका-मुली केडगावला आणल्या, आणि त्याच केडगावात उतारवयापर्यंत बसून हिब्रू आणि ग्रीकमधून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झालं. ज्या विधवांना समाजाने टाकलं होतं त्यांच्या हाती जाणाऱ्या ग्रंथात विधवांचा कैवार घेणारा निर्गमचा देव असायलाच हवा होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, तोही दोन्ही करार मिळून झालेल्या ग्रंथाला. आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत, अलिबागच्या आसपास, बेने इस्राएल लोक शतकानुशतकं मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत, शनिवार पाळत राहिले. मोशेचा देव कठोर म्हणून आपण हिणवतो तेव्हा आपल्याच भाषेतल्या या शेजाऱ्यांच्या देवाला हिणवतो, आणि तो आपलाही आहे.

शिवाय विचार करा, अर्धा ग्रंथ मिटवून आपण कुणाच्या ताटातलं काढून घेतो. नगर-जालन्याकडच्या कितीतरी मंडळ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांनी उभ्या केल्या. विटा थापणाऱ्या गुलामांचा आक्रोश ऐकून खाली उतरणारा देव त्यांना निर्गमात भेटतो. माप लहान, किंमत मोठी आणि तराजू खोटा करणाऱ्यांवर आमोस तुटून पडतो. काटा मारणं म्हणजे काय हे ऊस घालणाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही. नाबोथाचा मळा बळकावणाऱ्या अहाब राजाला एलीया त्याच मळ्यात गाठतो. जमीन गेलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकण्याचा हक्क आहे. हा न्याय काढून टाकला तर उरलेली प्रीती गोड लागते, पण ती पिळलेल्या माणसाच्या बाजूने उभी राहत नाही. आणि दया काढून टाकली तर उरतो तो न्याय कुणालाच सोसवत नाही. देव दोन्ही आहे म्हणून तो गरिबाला आणि पाप्याला, दोघांनाही पुरतो.

म्हणून आपणा सर्वांस नम्र पण स्पष्ट विनंती आहे. जुना देव आणि नवा देव असं बोलणं थांबवा. कॅथलिक उपासनेत १९६९च्या वाचनक्रमापासून रविवारी पहिलं वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातूनच असतं. ते वाचून बाजूला ठेवू नका, प्रवचन त्याच्यापर्यंत न्या. ज्या मंडळ्यांत पाळकसाहेब स्वतः वचन निवडतात, तिथे महिन्यातून किमान एक रविवार संदेष्ट्यांना द्या. संडे स्कूलमध्ये योनाची गोष्ट चौथ्या अध्यायापर्यंत सांगा आणि पुढच्याच आठवड्यात नहूम उघडा. यहोशवाबद्दलच्या प्रश्नांसाठी तरुणांना वेळ द्या आणि उत्तरं तयार ठेवा. निर्गम ३४ मधली देवाची ओळख प्रत्येक मुलाकडून पाठ करून घ्या, दोन्ही भागांसह. आणि संकटात सापडलेल्या माणसाच्या घरी प्रार्थनेला जाल तेव्हा त्याला ठामपणे सांगा की ज्याला तो घाबरतो आहे आणि ज्याला तो हाक मारतो आहे तो एकच आहे, आणि तो मंदक्रोध आहे.

आपला,
मंडळीतला एक सभासद